दूरच्या माळ्यावरची हाळी

मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री मोठ्या असतात आणि मराठवाड्याच्या मोकळ्या रानात त्या अधिकच मोठ्या वाटतात. जालना जिल्ह्यात दुधना व पूर्णा या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत या दिवसांत शाळू उभा असतो. कणसांत दाणा भरू लागला म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांची झोप उडते. रात्रीतून रानडुकरांचा कळप आला, की वर्षभराची भाकरी मातीत मिळते. म्हणून शेताच्या मध्यभागी चार मेढी पुरून त्यांवर माळा बांधतात आणि घरातील कोणी जाणता माणूस घोंगडी व कंदील घेऊन त्यावर रात्र काढतो. यालाच जागल म्हणतात. आता या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व मोसंबी यांनी ज्वारीची बरीच जागा घेतली आहे आणि कंदिलाच्या जागी विजेरी आली आहे. तथापि जागल मात्र अजून सुटलेली नाही.

मध्यरात्र उलटली, की एखाद्या माळ्यावरून लांबलचक हाळी उठते. क्षणभर सारे स्तब्ध असते. मग दूरच्या अंधारातून, दुसऱ्या कोणाच्या शेतातून, तशीच हाळी परत येते. या हाळीत मजकूर असा फारसा नसतो. 'मी जागा आहे. तूही जागा आहेस काय?' एवढाच तिचा अर्थ. परंतु तेवढ्याने जागल करणाऱ्याला धीर येतो. अंधार तेवढाच असतो, थंडीही तेवढीच असते. केवळ आपण एकटे नाही, एवढे त्याला कळलेले असते.

या जागल्याच्या कानांचे कौतुक करावे तितके थोडेच. रात्रभर त्याच्या कानांवर नाना प्रकारचे आवाज पडतात. ज्वारीच्या पानांतून वारा सळसळतो, टिटवी ओरडत जाते, ओढ्याच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू येते. यांपैकी कोणत्याही आवाजाला तो माणसाची हाळी समजत नाही. वाऱ्याचा आवाज कोणता व माणसाचा कोणता, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या आवाजाच्या मागे कोणाचा तरी हेतू आहे, तो आवाज तो हजारांत ओळखतो.

याच माळ्यावरून तो वर पाहतो तेव्हा त्याला तारे दिसतात. शहरातील दिव्यांच्या झगमगाटात जे तारे लोपून जातात, ते येथे स्वच्छ दिसतात. यांतील प्रत्येक तारा हा एक सूर्य आहे. ज्या आकाशगंगेत आपली सूर्यमाला आहे, तिच्या एकटीत असे शंभर अब्जांहून अधिक सूर्य आहेत. त्यांच्याभोवती ग्रह असतील काय, हा प्रश्न पूर्वी केवळ तर्काचा होता. १९९५ साली सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम सापडला आणि त्यानंतर असे पाच हजारांहून अधिक ग्रह शास्त्रज्ञांनी नोंदविले आहेत. तेव्हा आता प्रश्न एक पाऊल पुढे सरकला आहे. एवढ्या असंख्य माळ्यांपैकी एखाद्यावर कोणी जागे असेल काय? आणि असल्यास त्याची हाळी इतक्या दुरून ऐकू यावी कशी?

आवाजाची हाळी तेथून येणे शक्य नाही. कारण ध्वनीला वाहून नेण्यास हवा लागते व ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात हवा नाही. एखादे यान पाठवावे, तर त्याची गती फारच अपुरी पडते. मनुष्याने सोडलेल्या यानांपैकी 'व्हॉयेजर-१' हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने धावत आहे. जालन्याहून मुंबईला पोचण्यास त्याला अर्धे मिनिटही लागणार नाही. परंतु सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर तोडण्यास त्याला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रकाश मात्र सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. चंद्रावरून तो सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून सव्वाआठ मिनिटांत आणि त्या जवळच्या ताऱ्यावरून सव्वाचार वर्षांत. रेडिओलहरी या प्रकाशाच्याच भगिनी होत. त्यांचा वेग तोच. शिवाय अवकाशातील जी धूळ प्रकाशाला अडविते, तीतून त्या सहज पार होतात. म्हणून दूरच्या ताऱ्यावरची हाळी यायचीच असेल, तर ती रेडिओलहरींवर बसून यावी, असा संभव अधिक.

पण येथे दुसरी अडचण उभी राहते. रेडिओवर एखादे केंद्र ऐकावयाचे झाल्यास त्याचा ठराविक आकडा लावावा लागतो. ज्याची कधी गाठ पडली नाही, ज्याची भाषा ठाऊक नाही, त्याने कोणता आकडा निवडला असेल, हे कसे जाणावे? १९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी व फिलिप मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर मांडले. अंगारकी चतुर्थीला भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीत दोन भावंडांची चुकामूक झाली आणि कोठे भेटावयाचे हे आधी ठरले नसेल, तर दोघेही काय करतील? वाटेल त्या दुकानापुढे ती उभी राहणार नाहीत. दोघांनाही ठाऊक असलेली जागा म्हणजे देवळाचे दार. तेथेच दोघांची पावले आपोआप वळतील. विश्वात असे देवळाचे दार कोणते? विश्वात सर्वांत विपुल असलेले मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. या हायड्रोजनचे अणू आपणहून एक क्षीण रेडिओलहर सोडीत असतात. तिची कंपने सेकंदाला सुमारे १४२ कोटी आणि लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. जो कोणी रेडिओने आकाशाचा अभ्यास करील, मग तो कोणत्याही ताऱ्याजवळ राहणारा असो, त्याला ही लहर भेटल्यावाचून राहणार नाही. तेव्हा अनोळखी माणसे परस्परांना शोधतील ती या आकड्याच्या आसपास, असा त्या दोघांचा तर्क होता.

हा तर्क कागदावर उतरतो न उतरतो तोच तो कसाला लावून पाहणारा तरुणही पुढे आला. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील वेधशाळेत फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने १९६० साली सुमारे २६ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळविली. यांपैकी एक तारा तिमिंगल या तारकासमूहातील असून त्याला 'टाउ सेटी' असे म्हणतात; दुसरा वैतरणी या तारकासमूहातील 'एप्सिलॉन एरिडानी'. दोन्ही सूर्याच्या मानाने फार निराळे नाहीत व दोन्ही दहा ते बारा प्रकाशवर्षांच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या ताऱ्याकडे दुर्बीण वळविताच यंत्रातून मोठमोठे ठोके उमटू लागले. ऐकणाऱ्यांची छाती धडधडू लागली असेल, यात नवल नाही. परंतु पुढे तपास करता तो आवाज पृथ्वीवरीलच ठरला. काही महिने ऐकूनही त्या दोन ताऱ्यांकडून हाळी आली नाही. मात्र त्या दिवसापासून मनुष्याने आकाशाकडे कान लावण्यास प्रारंभ केला, तो आजतागायत थांबलेला नाही.

हाळी आलीच, तर ती हेतुपूर्वक दिलेली आहे हे ओळखावे कसे? निसर्गही सतत बोलत असतो. सूर्य, गुरू, दूरच्या आकाशगंगा, हे सर्व रेडिओलहरी सोडतात. पण निसर्गाचा आवाज बहुधा पसरट असतो. पाऊस पडू लागला की त्याचा सरसर आवाज एका विशिष्ट सुरात येत नाही. बासरीचा सूर मात्र एका ठिकाणी स्थिर असतो. त्याप्रमाणे अत्यंत अरुंद पट्ट्यात, एकाच आकड्यावर एकवटलेली लहर आढळली, तर ती यंत्रातून निघाली असावी असा संशय घेण्यास जागा आहे. दुसरी खूण गणिताची. समजा, दुरून ठोके येऊ लागले; प्रथम दोन, मग तीन, मग पाच, सात, अकरा, तेरा. या मूळ संख्या होत, हे शाळेत जाणारा मुलगाही सांगेल. वारा किंवा वीज असे मोजून ठोके देत नाही. आणि गणिताला देश नाही, भाषा नाही. येथे जी संख्या मूळ आहे, ती सर्व विश्वात मूळच आहे.

केवळ नियमितपणा मात्र पुरेसा नसतो, हा धडा १९६७ साली मिळाला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची विद्यार्थिनी नव्या रेडिओ-दुर्बिणीने काढलेल्या कागदी नोंदी रोज तपाशीत असे. मैलोगणती लांबीच्या त्या कागदांवर एके ठिकाणी तिला किंचित निराळी खूण दिसली. दुसऱ्या कोणी ती दुर्लक्षिली असती; तिने तसे केले नाही. बारकाईने पाहता आकाशातील एका जागेवरून दर १.३३ सेकंदाला एक असे घड्याळासारखे ठोके येत असल्याचे आढळले. त्या चमूने थट्टेने त्याला 'हिरव्या बुटक्या माणसांचा' संदेश असे नाव ठेवले. थट्टाच ती, पण तिच्याआड थोडी शंकाही होती. लौकरच आकाशाच्या अगदी दुसऱ्या भागात तसाच एक ठोका बेलबाईंना सापडला. दोन वेगळ्या ठिकाणचे लोक एकाच वेळी, एकाच प्रकारे पृथ्वीला हाका मारतील, हे काही संभवत नव्हते. ते ठोके पल्सार, म्हणजे स्पंदताऱ्याचे होते. मृत ताऱ्याचा अतिशय घट्ट असा गोळा गरगर फिरत असतो आणि दीपगृहाच्या दिव्याप्रमाणे त्याचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो. हाळी सापडली नाही. पण शोधता शोधता निसर्गाचे एक अद्‌भुत रहस्य हाती आले.

असाच एक निरोप जालना जिल्ह्याच्या अगदी शेजारी येऊन पडलेला आहे. मंठ्याहून उत्तरेकडे थोड्याच अंतरावर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. फार प्राचीन काळी आकाशातून आलेल्या प्रचंड पाषाणाच्या आघाताने बेसाल्ट खडकात हे विवर पडले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हा पाषाण अवकाशातून आला खरा. पण त्याला कोणी पाठविले नव्हते. त्याने येथे येऊन काही सांगावे असा कोणाचाही हेतू नव्हता. वरून आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे संदेश नव्हे. जो शोधक आहे, त्याने हा भेद सदैव ध्यानात ठेवावा लागतो; नाही तर स्वतःच्या इच्छेचाच प्रतिध्वनी त्याला हाळीसारखा ऐकू येतो.

या शिस्तीची कठोर परीक्षा पाहणारा प्रसंग १५ ऑगस्ट १९७७ रोजी घडला. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका मोठ्या रेडिओ-दुर्बिणीने ७२ सेकंदांपर्यंत एक जोरदार, अरुंद पट्ट्यातील संकेत टिपला. तोही हायड्रोजनच्या आकड्याजवळ! काही दिवसांनी छापील नोंद पाहताना एका शास्त्रज्ञाने त्या आकड्यांभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि बाजूला आश्चर्याचा उद्‌गार लिहिला. त्यानंतर त्या जागी पुनःपुन्हा कान लावण्यात आले. परंतु तो संकेत परत ऐकू आला नाही. एवढे असूनही शास्त्रज्ञांनी 'आम्हाला हाळी मिळाली' अशी दवंडी पिटली नाही. एकदाच ऐकू आलेल्या गोष्टीवरून निर्णय करावयाचा नाही. ती दुसऱ्यांदा, दुसऱ्या कानांनाही ऐकू आली पाहिजे, हा विज्ञानाचा दंडक आहे. मनाला कितीही हुरहुर लागली तरी तो पाळावाच लागतो.

असे तीक्ष्ण कान महाराष्ट्रातही आहेत. जालन्याहून पश्चिमेस छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर ही शहरे मागे टाकून पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात गेले, म्हणजे नारायणगावजवळ खोडद नावाचे गाव लागते. तेथील शेतांच्या मध्ये आकाशाकडे तोंड करून प्रचंड पांढऱ्या थाळ्या उभ्या आहेत. 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' हे त्या यंत्रणेचे नाव. एकूण थाळ्या ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतील १४ मध्यभागी जवळजवळ आहेत व उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या आहेत. सर्वांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. ज्याप्रमाणे वेगवेगळ्या माळ्यांवरील जागल्यांनी आपले ऐकणे ताडून पाहिले असता हाळी नेमकी कोठून आली ते कळते, त्याप्रमाणे या तीस कानांनी ऐकलेले एकत्र केले म्हणजे आकाशातील जागा फार बारकाईने निश्चित करता येते.

ही दुर्बीण उभारण्याची कल्पना व नेतृत्व गोविंद स्वरूप यांचे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली आले. कल्याण येथे ३२ छोट्या थाळ्या मांडून त्यांनी भारतातील रेडिओ-खगोलशास्त्राचा आरंभ केला. पुढे १९७० साली उटकमंडजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण झाली आणि त्यानंतर खोडदची यंत्रणा आकारास आली. एवढ्या मोठ्या थाळ्या सलग पत्र्याच्या केल्या असत्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता व वाऱ्याने त्या हेलावल्या असत्या. गोविंद स्वरूप यांनी पोलादी तारांची विरळ जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसविण्याची युक्ती काढली. चाळणीवर ज्वारी टाकली असता धूळ खाली जाते व दाणा वर राहतो. तसे या जाळीतून वारा निघून जातो, आणि लांब रेडिओलहरी मात्र जाळीच्या बारीक छिद्रांतून न निसटता परावर्तित होतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. गोविंद स्वरूप २०२० साली निवर्तले. त्यांनी उभे केलेले कान अद्याप ऐकत आहेत.

खोडदची दुर्बीण मुख्यतः निसर्गाचा अभ्यास करण्यासाठी आहे. तरीही तिच्या दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचे 'स्कियापरेली' हे यान मंगळावर उतरत असता त्याचा अत्यंत क्षीण संकेत खोडदला ऐकला जात होता. उतरण्याची घटका आली आणि तो संकेत अकस्मात थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झाले होते. कोट्यवधी किलोमीटरांवरची हाळीच नव्हे, तर ती बंद पडणेही येथे ऐकू आले. आणि कधी कधी मौनदेखील निरोप देऊन जाते, याचा तो प्रत्यय होता. दुसरी गोष्ट २०२३ सालची. खोडदला टिपलेल्या नोंदींतून शास्त्रज्ञांना अतिदूरच्या एका आकाशगंगेतील हायड्रोजनची लहर ओळखता आली. ती लहर सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली होती. तेव्हा पृथ्वीचा जन्मही झालेला नव्हता! ही कोणा बुद्धिमान प्राण्याची हाळी नव्हती. तो निसर्गाचाच स्वर होता. पण विश्वातील सर्वांना समान असे जे देवळाचे दार, ते खरोखरच किती दूरवर आहे, हे त्यावरून दिसून आले.

येथवर ऐकण्याची गोष्ट झाली. पण सर्वच जागले कान लावून गप्प बसले, तर प्रत्येकाला वाटेल की रानात आपण एकटेच आहोत. कोणी तरी प्रथम हाळी दिली पाहिजे. मनुष्याने ती दिली आहे काय?

दिली आहे. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिको बेटावरील अरेसिबोच्या महाकाय दुर्बिणीवरून शौरी तारकासमूहातील एका तारकागुच्छाकडे तीन मिनिटांहून कमी वेळाचा संदेश पाठविण्यात आला. त्यात 'होय' व 'नाही' अशा दोनच खुणांच्या एकूण १६७९ मात्रा होत्या. हा आकडा सहज निवडलेला नव्हता. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, आणि हे दोन्ही आकडे मूळ संख्या. ज्याला गणित येते तो या मात्रा २३ स्तंभ व ७३ ओळींत मांडील आणि मग त्यांतून चित्र उमटेल: एक ते दहा आकडे, मनुष्याची आकृती, सूर्य व त्याचे ग्रह. तो तारकागुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर आहे. उत्तर आलेच, तर ते पन्नास हजार वर्षांनी येईल. ज्या दुर्बिणीने हा संदेश पाठविला, ती २०२० साली कोसळली. संदेश मात्र चालतच आहे.

दुसरी हाळी यानांतून गेली आणि तिच्यात मराठी माणसांचाही स्वर आहे. व्हॉयेजर-२ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी व व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. कार्ल सेगन यांच्या पुढाकाराने दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली. तिच्यात पर्जन्य, वारा व पाखरे यांचे आवाज आहेत, शंभराहून अधिक चित्रे आहेत, सुमारे दीड तासाचे संगीत आहे आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत. हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू यांच्याबरोबर त्यांत मराठीही आहे. नमस्कार करून पृथ्वीवरील लोकांच्या सदिच्छा कळविणारे ते साधे बोल आहेत. संगीतात भारताचा म्हणून जो एकच स्वर निवडला गेला, तो केसरबाई केरकर यांचा. गोव्यातील केरी या गावी १८९२ साली जन्मलेल्या आणि उस्ताद अल्लादियाखाँ यांच्यापाशी कठोर तपश्चर्या केलेल्या या गायिकेची भैरवी त्या तबकडीत आहे. एकटीच निघालेल्या स्त्रीला ती कोठे चालली आहे, असे त्या गीतात विचारलेले आहे. एकाकी यानाला याहून योग्य गीत कोणते मिळाले असते! व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. त्यांचा स्वर सूर्याच्या वाऱ्याची सीमा २०१२ साली ओलांडून ताऱ्यांमधल्या प्रदेशात शिरला. २०२५ साली ते यान २४ अब्ज किलोमीटरांहून अधिक दूर होते. तेथून निघालेली रेडिओलहर पृथ्वीवर येण्यास तेवीस तासांच्या आसपास लागत होते.

त्या तबकडीच्या आवरणावर जी चित्रे कोरली आहेत, ती पाहिली म्हणजे मागील सर्व शोधांचा उपयोग ध्यानात येतो. वेळ मोजण्याचे माप म्हणून तेथे हायड्रोजनच्या अणूचे चित्र आहे. आणि सूर्याचा पत्ता कसा सांगितला आहे? चौदा स्पंदताऱ्यांच्या दिशा व त्यांच्या ठोक्यांची गती दाखवून! ज्या ठोक्यांना दहा वर्षांपूर्वी क्षणभर परक्यांची हाळी मानण्याची शंका आली होती, तेच ठोके आता पृथ्वीच्या पत्त्यावरील खुणेचे दगड झाले.

अशा हाळ्या द्याव्यात काय, याबद्दल सर्वांचे एकमत नाही. अंधारात हाळी देणाऱ्याला हे ठाऊक नसते की ऐकणारा शेजारचा जागल्या आहे की आणखी कोणी. स्टीफन हॉकिंग या विख्यात शास्त्रज्ञाने २०१० साली असा इशारा दिला होता की, जे आपल्याहून फार बलिष्ठ असतील त्यांचे लक्ष ओढून घेणे मनुष्याला महाग पडू शकेल. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. उलट पक्षी, गेली सुमारे शंभर वर्षे पृथ्वीवरील नभोवाणीच्या लहरी थोड्याबहुत अवकाशात निसटतच आहेत, असे दुसरे शास्त्रज्ञ दाखवून देतात. त्या अतिशय क्षीण आहेत, हे खरे. शिवाय संपूर्ण पृथ्वीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. एका देशाच्या चार विद्वानांनी तो घ्यावा, की सर्व राष्ट्रांनी मिळून ठरवावे? याचे उत्तर अजून द्यावयाचे आहे. आणि ते आज शाळेत असणाऱ्या पिढीलाच बहुधा द्यावे लागेल.

या साऱ्या प्रयत्नाचा कस लागतो तो धीरापाशी. फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली ज्याकडे प्रथम कान लावला, तो टाउ सेटी तारा डिसेंबरच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास दक्षिण आकाशात चांगला उंच असतो. तो मंद आहे. पण जालना जिल्ह्यातील गावाबाहेरच्या काळोखात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचे अंतर सुमारे बारा प्रकाशवर्षे आहे. म्हणजे बारा वर्षांचे मूल आज त्याकडे पाहील, तेव्हा त्याच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश त्याच्या जन्माच्या सुमारास तेथून निघालेला असेल. त्या मुलाने आज तिकडे हाळी दिली, तर ती पोचेल तेव्हा त्याला चोविसावे वर्ष लागलेले असेल. आणि तेथे कोणी असून त्याने तत्क्षणी प्रत्युत्तर दिले, तर ते येथे येईल तेव्हा तो छत्तीस वर्षांचा गृहस्थ असेल. हा तर जवळचा तारा झाला. इतर ताऱ्यांच्या बाबतीत हाळी देणारा एक, आणि उत्तर ऐकणारा त्याचा पणतू किंवा त्याच्याही पुढचा कोणी. तेव्हा ज्याला दूरच्या माळ्यावरचे उत्तर ऐकावयाचे आहे, त्याने स्वतः जागून भागणार नाही. आपल्यामागून जागे राहणारे कोणी तरी तयार करून ठेवले पाहिजे.